ट्रिप

सव्वानऊला बाजार उघडला
आणि नऊ एकोणीसला वरचा भाडेकरू, हर्षल लांजेवार,
अनवाणीच जिना उतरून आला.
"काका, अठरा टक्के!"
मी कूलरमध्ये पाणी भरत होतो.
एप्रिल. मानेवाडा. नळ जायची वेळ.
म्हटलं, टाकी भरू दे बे, मग बोलू.

त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही.
आलं होतं.
तोच शेअर माझ्याकडेही आहे, चारशे नग,
त्यातले दोनशे कुंदाच्या गुडघ्याचे.

कोराडीला एकतीस वर्षं शिफ्ट केली मी.
दोनशे दहा मेगावॉटचा सेट ट्रिप होतो ना,
तेव्हा आधी आवाज जातो.
हाडांत मुरलेली ती घरघर
एकदम नसते,
आणि तिच्या जागी सतरा अलार्म, सतरा लाल दिवे.
नव्या पोराचा हात आपसूक बटणाकडे धावतो.
बोरकुटे साहेब त्या हातावर फुटपट्टी हाणायचे.
"हात मागं! पहिला अलार्म कोणता, ते पाय.
बाकीचे सोळा त्याची पिल्लं हायेत."

म्हणून आधी टाकी भरली.
मग हर्षलला विचारलं, बाकीचा बाजार काय करून राहिला?
"काही नाही काका, जागच्या जागी."
म्हणजे ग्रिड गेलेलं नाही.
ग्रिड गेलं की सगळ्या महाराष्ट्रात अंधार असतो,
तेव्हा आपल्या मशीनला शिव्या देण्यात अर्थ नाही,
हात बांधून वाट पाहायची.
हे तसं नव्हतं. हा आपलाच बॉयलर.

कपाटातून मंडळाची जुनी लॉगबुक काढली.
शेअर घेतला त्या रात्री लिहून ठेवलं होतं,
माझ्याच अक्षरात, का घेतला ते:
कर्ज नाही.
हिंगण्याला त्यांच्या शेडमध्ये रात्रीही दिवे असतात (दोनदा जाऊन पाहिले).
हिशोब तपासणारे बारा वर्षं तेच.

हर्षल फोनवर बातमी शोधत होता.
सापडली. काल रात्री पावणेदहाची, दोन ओळींची.
हिशोब तपासणाऱ्यांनी राजीनामा दिला. वैयक्तिक कारण.
हा पहिला अलार्म.
मी तिसऱ्या ओळीवर काट मारली.
पेन दोनदा अडकलं.

"स्वस्त झाला ना पण," हर्षल म्हणाला, "आणखी घेऊ का?"
मी म्हटलं, झाडावरून पडलेला माणूसही
काल होता त्याहून खालीच असतो.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सीताबर्डीहून, दलालाचा.
पोरानं उसन्यावर घेतले होते. मला आजच कळलं.
त्याला साडेअकरापर्यंत पैसे भरायचे होते, नाहीतर ते विकणार.
विचार करायला माझ्याकडे अख्खा दिवस होता,
त्याच्याकडे चाळीस मिनिटं.
उसन्या पैशाला वाट पाहता येत नाही.
हे त्याला सांगायची वेळ ती नव्हती,
कुंदानं त्याच्यापुढं पोह्याची बशी ठेवली.

गुडघ्याचे दोनशे मी विकले.
शेअर चांगला की वाईट म्हणून नाही.
जूनमध्ये लागणारे पैसे तिथं ठेवायचेच नव्हते;
ही चूक आजची नाही, दिवाळीची.
सव्वीस हजार कमी आले. कुंदाला सांगितलं.
ती सांभारची जुडी निवडत होती.
निवडतच राहिली. मग म्हणाली,
"त्या वेळी मले कावून नाही विचारलं?"
याचं उत्तर लॉगबुकात नव्हतं.

उरलेल्या दोनशेचं अजून ठरलेलं नाही.
कंपनीला पत्र टाकलंय. सोमवारी हिंगण्याला जाईन.
दिवे पाहून कळेलच असं नाही, तरी जाईन.

सेट बंद पडल्यावरचं एक काम बाहेरच्यांना माहीत नसतं.
तापलेला शाफ्ट तसाच थांबू दिला तर
स्वतःच्याच वजनानं वाकतो.
म्हणून तो निवेपर्यंत हळू, अगदी हळू,
फिरवत ठेवायचा. रात्रंदिवस. वीज एक युनिट बनत नाही त्यातून.

संध्याकाळी गच्चीवर ऊन ओसरल्यावर
कुंदा डॉक्टरनं सांगितलेल्या वीस फेऱ्या घालत होती,
हर्षल कठड्याशी, फोन खिशात.
मी लॉगबुक उघडून लिहिलं:
युनिट बंद. कारण: अंशतः समजलं.
शाफ्ट फिरतो आहे.