खालची रिंग

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या सायझिंगच्या शेडमध्ये
बाबांची अँबेसेडर, मार्क टू, शेंगेच्या टरफलाच्या रंगाची.
तिच्याखाली मी. माझ्या पाठीखाली
टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा,
ज्यावर अजून ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ वाचता येतं.

बाहेर चव्वेचाळीस अंश. आत किती ते विचारू नका.
थंड इंजिनवर काटा पन्नासावर असतो, ऐटीत.
आसरा चौकापर्यंत जाऊन सिग्नलला थांबलं
की झोप आल्यासारखा उतरत जातो,
पंधरा, दहा, आठ.
शिवाय फिल्टरच्या वाटीखालून थेंब.
मग थेंब. मग फरशीवर एक काळा,
हळूहळू हद्द वाढवणारा जिल्हा.

आधी मी मीटरवर आळ घेतला.
पितळी मीटर आणून नळीला जोडलं,
तेही आठच म्हणालं.
मग जाड ऑइल घातलं. मग अजून जाड.
ते पाकासारखं आत उतरलं
आणि तितक्याच निवांतपणे गळून गेलं.

दस्तगीर मिस्त्री स्टुलावर बसून असतात.
मोतीबिंदूनंतर पान्याला हात लावत नाहीत,
नुसतं ऐकतात आणि शेंगा सोलतात.
“गळणं एक आजार, दाब दुसरा.
दोघांची गाठ मारलीस
तर एक बी सुटायचा न्हाई, पोरी.”

पोरी. मला अठ्ठेचाळिसावं लागलंय.

पहिला दाब.
ब्लॉकच्या कुशीतला टोपीचा नट सोडला,
स्प्रिंग आली, स्प्रिंगमागून प्लंजर,
आणि प्लंजरच्या बैठकीत, जिथं
लोखंडानं लोखंडाला घट्ट टेकायचं,
तिथं एक धागा. पेराएवढा. लाल.
कुणीतरी हात पुसलेल्या चिंधीतला,
भवानी पेठेतल्या कुठल्याशा मागावरच्या
चादरीच्या काठाचा.
बाबा रंगाचे दलाल. कारखानदारांना सांगायचे,
आपला लाल उकळून बघा, उतरणार नाही.
इंजिनात किती वर्षं उकळत होता कोण जाणे.
उतरला नव्हता.

मग वाटी.
मधला बोल्ट फिरवला, कोपरापर्यंत ऑइल आलं.
ह्या महिन्यात तीन नव्या रिंगा घातल्यात मी
आणि तिन्ही गळल्यात.
“जुनी काढलीस का?”
काढली की.
“तिच्याखालची?”
तिच्याखाली खाच आहे, मिस्त्री. नुसतं लोखंड.
“बोटानं बघ. लोखंड नखाखाली दबत न्हाई.”

नख लावलं.
दबलं.

आईची फणी भरायची आकडी घरून आणली.
हिनंच ती एका बैठकीत
ताण्याचे शेकडो तार ओढून घ्यायची, न बघता,
शेजारणीशी तेलुगूत भांडत.
तिच्या टोकानं उकरून काढली खाचेतून
काळी, कडक, पापडासारखी मोडणारी रबराची कडी.
आणि तिच्याखाली अजून एक.

ह्यातली एक माझी असणार.
आठवीची परीक्षा संपलेली. बाबांनी वाटी दिली,
रिंग दिली, आणि हात मागे बांधून उभे राहिले.
जुनी आधी काढायची असते
हे मला माहीत नव्हतं.
त्यांना होतं का?
त्या उन्हाळ्यापासून गाडीखाली
बिस्किटाचा पत्र्याचा डबा आला.
दर रविवारी ते तो मागच्या कडुनिंबापाशी रिता करायचे
आणि शेजाऱ्यांना सांगायचे,
जुनी गाडी म्हटली की गळायचीच.

खाच रॉकेलनं धुतली. नवी रिंग ऑइलमध्ये बुडवून
चारी बाजूंनी सारखी दाबत बसवली.
आसरा चौक. लाल सिग्नल. घामानं स्टिअरिंग निसटतंय.
काटा उतरला, उतरला, बावीसवर थांबला
आणि तिथंच थरथरत राहिला.

रात्री खाली कोरा पुठ्ठा सरकवला.
सकाळी त्यावर एकच थेंब, शेंगदाण्याएवढा.
“कुठं पडलाय?”
मागं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी.
मिस्त्रींनी टरफल फुंकलं.
“ती कंपनीची गळती हाय.
तिला हात लावू नको.”