शिल्लक

सस्कॅचेवानच्या या टोकाला पंप एकच.
ओरेस्ट बाझ्युक मंगळवारी येतो, डिझेल भरायला.
नेस्टर बाझ्युक शुक्रवारी,
कॉफी आणि खरवडायचं लॉटरीचं तिकीट.
सख्खे भाऊ. नऊ वर्षं बोलणं नाही.
कशावरून, ते गावात तीन प्रकारे सांगतात;
तिन्हींत एक कुंपण आहे.

कार्ड मात्र एकच राहिलं.
दोघंही गल्ल्याशी मला तोच नंबर सांगतात,
बापाच्या घरातल्या फोनचा.
ती लाइन कापली त्यालाही जमाना झाला.
आणि दोघंही विचारतात, "किती झाले?"

मी इलोइलोहून नवीन आले होते, तेव्हा वाटायचं
काय हावरे म्हातारे, पॉइंटांवर जीव टाकतात.
मग एकदा ओरेस्ट आकडा ऐकून
ओठांतल्या ओठांत वजाबाकी करताना दिसला.
आपले वजा केले
की उरतो तो भाऊ.

एका फेब्रुवारीत बाकी शून्य आली.
बाहेर इंजिन चालू ठेवून
बसून राहिला कितीतरी वेळ.
पुढच्या मंगळवारी बाकी पंधरा.
(नेस्टरला ताप होता, मला ठाऊक होतं.
मला कुणी विचारलं नव्हतं.)

चार हजारांत गाडी फुकट धुऊन मिळते.
यांचे अकरा हजार झाले, कुणी हात लावला नाही.

डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं:
जुने पॉइंट एकतीसच्या रात्री बाद,
पुढे अ‍ॅप, माणशी एक खातं.
दोघांना वेगवेगळं सांगितलं.
दोघंही तेच म्हणाले,
"माझ्या एकट्याचे नाहीत ते."

एकतीसला उणे चौतीस. धुलाईचं मशीन गोठलेलं.
रात्रपाळीला मीच होते, नंबर घालून पाहत बसले.
अकरा हजार दोनशे साठ.
अकरा हजार दोनशे साठ.
मग आवाज नाही, काही नाही,
पुसून ठेवलेल्या ताटासारखा
शून्य.

मंगळवारी ओरेस्टने सवयीने नंबर सांगितला.
असा ग्राहक नाही, म्हणालं मशीन.
मी तेच जरा मऊ करून सांगितलं.
त्याने हातमोजे काढले. पुन्हा घातले.
मागे कुणी दूध घेऊन उभं होतं.
"शुक्रवारी," तो म्हणाला, "येतो का अजून?"
"येतो. कॉफीत दोन साखर."

"तीन," ओरेस्ट म्हणाला.
"आधी तीन घ्यायचा."