रिकाम्या गाडीचं वजन

तुर्भ्याच्या बाजारात माझा काटा साठ टनांचा.
कांद्याची गाडी चढते, आकडे लटपटतात,
ते ठरेपर्यंत मी चहाचा घोट घेतो.
वीस किलो इकडे, वीस किलो तिकडे,
ताडपत्री ओली होती म्हणायचं, पावती फाडायची.

आणि रात्री नऊला, घणसोलीत,
फ्रिजच्या दारातून, अंड्यांच्या खाचेतून
करंगळीएवढी कुपी काढतो.
तळाशी पांढरं काहीतरी,
रांगोळी पुसल्यावर फरशीला उरतं तेवढंच.
यामिनी म्हणते, आधी हात धू. कोपरापर्यंत.

एक मिली पाणी.
सुई बुचातून तिरकी, पाणी काचेच्या कडेनं सोडायचं.
नर्सबाईंनी दोनदा बजावलंय, थेट अंगावर ओतू नका,
आणि हलवायचं तर नाहीच.
पहिल्या दिवशी मी खोकल्याच्या औषधासारखी
खळखळा हलवली.
फेस आला.
दोघंही काही न बोलता
फेस बसायची वाट बघत राहिलो,
वर कानविंद्यांचा कुकर तीन शिट्ट्या होऊन गप्प झाला.

आता तळहातांत धरून नुसती फिरवतो.
पावडर दिसेनाशी होते,
कुठे गेली विचारू नये अशी.

मग कुपी उलटी, दट्ट्या हळूहळू खाली,
ट्यूबलाइटसमोर धरून रेघा मोजायच्या.
बुडबुड्याला नखानं टिचकी मारून वर पाठवतो.
सुईच्या टोकाला थेंब येतो, थांबतो.
"सांडू नकोस," ती म्हणते,
"तिकडे वीस किलो सोडतोस, इथे..."
वाक्य पुरं करत नाही.
बेंबीपासून दोन बोटं मोजते,
कालची निळी खूण टाळून कातडीची चिमूट धरते.
सुई जाताना श्वास मी रोखतो.
तिचं लक्ष घड्याळाकडे.

काट्यावर एक नियम आहे:
माल उतरला की गाडी पुन्हा चढवायची.
रिकामीचं वजन कळल्याशिवाय
आत किती होतं ते कळत नाही.
हे मी घरी कधी बोललो नाही.
बोलणारही नाही.

आज दुपारी वाशीहून फोन आला.
ही सुई आजपासून बंद,
शेवटची आम्हीच देऊ, रात्री साडेदहाला या,
दहा मिनिटंसुद्धा उशीर नको.
मागे बटाट्याची गाडी हॉर्न देत होती,
मी "हो, हो" म्हणालो आणि वजन चुकीचं लिहिलं.

एक कुपी उरलीय, अंड्यांच्या खाचेत.
यामिनी ती काढत नाही.
मीही नाही.
नऊ वाजले तेव्हा
माझे हात कोपरापर्यंत ओले होते.