पाटी

वेंगुर्ल्यात, बंदराकडे वळणाऱ्या रस्त्याला
माझ्या भावाने होमस्टे काढलाय.
दारावर पाटी : अस्सल मालवणी चव.
आत काउंटरवर दुसरी पाटी,
बांबूची, उपडी टांगलेली, पोटात पिवळा बल्ब.
'मासळीची होती,' तो पाहुण्यांना सांगतो, 'ऐंशी वर्षांची.'
तीन वर्षांची आहे. सावंतवाडीच्या बाजारात
घासाघीस करायला मीच होते.

'कोणाची मासळी?' एवढंच मी विचारलं
आणि जेवण संपेपर्यंत वाद पुरला.
श्रीरंग म्हणाला, उद्या विचारशील सोलकढी कोणाची,
तिखल्यात त्रिफळं आधी कोणी टाकली,
आजोबा दशावतारात साडी नेसून उभे राहायचे
ती कोणाची, द्रौपदीची?
'सगळंच कोणाकडून तरी आलंय गो.
समुद्राकडे कोण पावती मागतो?'
वहिनी म्हणाली, भात निवतोय.

मला चौथीचं गॅदरिंग आठवत होतं.
आई त्याच शाळेत बाई. मला कोळीण करायचं ठरलं.
गावात होत्या त्या गाबितणी,
पण चित्रातली कोळीण सोपी, तिचं लुगडं सगळ्यांना ठाऊक.
पाटी तेवढी खरी हवी म्हणून
आईने द्वारका केळुसकरणीची मागून आणली.
आमच्या दारात बांगडे घालायची, तीच द्वारका.
शिकेकाईने घासली, उन्हात घातली.
चिंचेने घासली, पुन्हा उन्हात.
तिसऱ्या दिवशी आत तोंड घालून हुंगली :
'आता येत नाही.'
आम्ही रोज मासे खाणारी माणसं.

कागदी बांगडे, वर चमकी.
मी कमरेवर हात ठेवून द्वारकाच्याच हेलात ओरडले,
आणि असा हशा पिकला की
पुढचं वाक्य विसरले ते कोणाला कळलंच नाही.
पहिला नंबर. स्टीलचा डबा.

द्वारकाची प्रणिता माझ्याच वर्गात.
ती बाई झाली होती :
आईचा जुना चष्मा, काचा काढलेला,
हातात फूटपट्टी आणि पाटीवर खडूने 'शांतता राखा'.
तिलाही हसले. ते हसणं वेगळं होतं.
कसं वेगळं, हे मला अजून सांगता येत नाही
आणि सांगता येत नाही म्हणून श्रीरंग जिंकतो :
'तिने आईचा चष्मा घातला, ते चालतं?'
प्रश्न बरोबर आहे.
चष्मा परत देताना प्रणिताने फ्रॉकला पुसला होता.
मग आईने डेटॉलने.
आमच्या वस्तूंना वास नसतो, असं आम्हांला वाटायचं.

पाटी परत द्यायला बंदरावर मी गेले.
वाटलेलं, इतकी लख्ख बघून द्वारका खूश होईल.
तिने नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं :
'ह्येका कसलो वास येता गो? न्हाणयेतलो?
आता ह्यात बांगडे ठेवलंय तर गिराईक म्हणतला
साबण घातलंस काय.'
खाऱ्या पाण्यात बुडवून काढली,
वाळूवर दोनदा आपटली, मग म्हणाली,
'नंबर इलो?'
'पहिलो.'
'मगे अर्धो माझो,' आणि हसली.
हसली म्हणजे गंमतच करत होती, असं मी धरून चालले.
डबा अजून आईच्या फळीवर आहे, त्यात हिंग.

हे सगळं मी श्रीरंगला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर त्याने पाटीखाली
द्वारकाचं नाव लिहिलं असतं, छान अक्षरात, फ्रेम करून.

पाहुणे आले, ठाण्याचे.
त्यांच्यातली सहा वर्षांची एक
स्टुलावर चढून दिव्यात नाक घालते :
'कसला वास येतो?'
'कसलाच नाही,' श्रीरंग म्हणतो, अभिमानाने.
'वॉर्निशचा,' वहिनी म्हणते
आणि ताटं उचलते.