च्वी

नव्या पुस्तकात शब्द बदलला
तेव्हा गिजरेबाईंनी मंडळाला पत्र लिहिलं होतं.
अपवर्तन. अप म्हणजे दूर, वर्तन म्हणजे वळणं, मान्य.
पण मुलं वर्तन वाचतात प्रगतिपुस्तकात.
प्रकाशानं काय गुन्हा केलाय?
उत्तर आलं नाही.

बाई वक्रीभवनच म्हणत राहिल्या.
आठवी ब, जेवणानंतरचा तास,
काचेच्या पेल्यात पेन्सिल
पाण्यापाशी मोडलेली.
फळ्यावर वक्री, ईकाराखाली दोन रेघा.
ही ई कुठून आली? सांगा.
कोणीच नाही.
तर संस्कृतात एक प्रत्यय आहे, च्वी.
नव्हतं ते झालं, एवढंच त्याचं म्हणणं.
शब्दाला लागतो, आणि लगेच लोपतो, अख्खा.
जाताना अ ची ई करून जातो.
म्हणजे किरण आधी सरळ होता,
हे त्या ईमध्ये लिहिलंय.
परीक्षेत येणार नाही.

आलं नाही.

बावीस वर्षांनी बोहरी आळीत
मुर्तझाभाईंच्या दुकानी बाई दिसल्या.
भिंग घासायचं चाक थांबवून
भाई हात पुसत सांगत होते,
नंबर बरोबर आहे, बाई.
बिघाड काचेच्या पलीकडे आहे,
तिथे माझं चाक पोचत नाही.

बाईंनी पिशवीतून कागद काढला, डॉक्टरांनी दिलेला:
नुसत्या चौकटी, मधोमध ठिपका.
उजवा डोळा झाकला.
एका रेघेवरून बोट नेलं,
सरळ, सरळ, आणि ठिपक्याजवळ
खड्डा चुकवावा तसं वळवलं.
"पाणी नाही, काच नाही.
माध्यम बदललेलं नाही. तरी बघ."

मी हळूच म्हटलं, च्वी.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला;
मधलं त्यांना आता दिसत नाही.
"अर्धं उत्तर. क्रियापद?"
वक्रीभवति.
"रेघा पुष्कळ आहेत."
वक्रीभवन्ति, बाई.
"हं."

सोन्या मारुती चौकापर्यंत त्यांनी माझं कोपर धरलं.
एप्रिल. उभ्या बसच्या टपावर
हवा थरथरत होती, मागचे फलक
अक्षरासकट लवत होते.
बाई थांबल्या.
"हे माझं, की सगळ्यांचं?"
सगळ्यांचं.
"मग पुस्तकातला शब्द चालेल,"
म्हणाल्या, आणि रिक्षाला हात केला.