पेव

हरिपुरात सासरे हळदीच्या पेवात उतरायचे.
आधी दोरीनं कंदील सोडायचे,
विझला तर कुणी खाली जायचं नाही.
वरून जमीन कोरडी, सारवलेली;
आत काय चाललंय ते मातीलाच ठाऊक.

नऊ वर्षं माझं सगळं नॉर्मल.
सोनोग्राफीत अस्तर छान, जाडी बरोबर.
दुखणं नाही, ताप नाही.
दोनदा राहिलं, दोनदा गेलं.
वन्सं म्हणाल्या, पायगुण.

मिरजेत मगदूम मॅडमनी दुर्बीण घातली.
पडद्यावर लालसर भिंत, बारीक ठिपके.
"जुनी सूज वाटतेय. पण नुसत्या नजरेवर जायचं नाही,"
म्हणत चिमूटभर तुकडा बरणीत टाकला.
बरणीवर पद्मलचं पद्मा झालं होतं,
ते मी खोडून घेतलं.

दहा दिवसांनी कागद:
रंग दिल्यावर तपकिरी पेशी दिसल्या,
एखाददुसरी चालते तिथं मोजून अकरा.

अकरा.
रिक्षात बसून आकडा पुन्हा वाचला.
शाप नव्हता, ओल होती.
चौदा दिवस गोळ्या, मग परत तुकडा.
मूल होईलच, असं काही मॅडम बोलल्या नाहीत.

रात्री सासऱ्यांना सांगितलं.
ताटात हात तसाच ठेवून म्हणाले,
"इतकी वर्षं कंदील कुणी सोडलाच नाही?"