आडवी रेघ

क्लाइपेदा बंदर, पहाटेचे पावणेतीन.
धुकं इतकं, की सात नंबरची क्रेन म्हणजे
खिडकीबाहेरचा नुसता एक लाल दिवा.
स्किर्मान्तेनं तिसऱ्यांदा सगळं पुसून
पुन्हा बांधायला घेतलं.

एकेकट्या विचारल्या तर फायली शहाण्या.
सी मुकाट उतरलं, असेंब्लीही उतरली,
कुणाची कुणाबद्दल तक्रार नाही.
एकत्र बसवायची वेळ आली, की लिंकर म्हणतो:
‘स्ताब्दीक’ नावाचं कुणी सापडत नाही.

स्ताब्दीक. त्यांच्या भाषेत, थांब.
क्रेनचा ब्रेक, वाइदोतास नावाच्या कुणी
पस्तीस वर्षांपूर्वी
बाइट मोजून मोजून लिहिलेला.

लायब्ररींचा क्रम बदलून झाला.
स्पेलिंग तपासलं, मग मोठ्यानं वाचलं.
कॉफीवर साय धरली.
‘एक्स्टर्न’ म्हणजे तरी काय, नुसता दिलेला शब्द:
आहे, कुठंतरी आहे, येईल.
कंपायलर विश्वास ठेवतो, त्याचं काय जातं!
लिंकर पत्ता मागतो.

शेवटी तिनं वाइदोतासची फाईल उसवून
आतल्या नावांची यादीच काढली.
तर तो तिथंच. पहिल्यापासून.
फक्त नावाआधी एक आडवी रेघ,
उंबऱ्यासारखी, बसकी.
जुना कंपायलर प्रत्येक नावाला ती लावायचा.
नव्याला ही रीत ठाऊकच नाही.

ती हसली नाही.
बॅगेत आईचं पाकीट होतं, पोस्टानं परत केलेलं.
आईनं सवयीनं लिहिलं होतं ब्रुझिएने,
लग्नातलं शेपूट लावून.
दारावर मार्चपासून पुन्हा ग्रिक्श्ताइते.
वर शिक्का: अशी व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही.
आणि त्या दिवशी ती दिवसभर घरीच होती,
ताप होता, बेल वाजली असती तर उठली असती.

वाइदोतासची रेघ तिला खोडवेना.
आठ नंबरची क्रेन अजून त्याच नावानं हाक मारते.
तिनं वर एक ओळ वाढवली,
त्याच पत्त्यावर दुसरं नाव.

लिंकर म्हणाला: ‘केल्क’ सापडत नाही.
केल्क म्हणजे उचल.
बरं, म्हणाली ती. तुझीही रेघ असेल.

साडेपाचला ऑफिसातली चिकटपट्टी खिशात टाकून
ती धक्क्यावर उतरली.
दोनातासनं रिकामा कंटेनर
जमिनीपासून हातभर उंचीवर आणला, बटण दाबलं.
थांबला.
दोनातास वरून ओरडला,
कालपण थांबत होता की!